रविवारची पाळी

पहाटे ५.१०
नळाला पाणी आलं. टेंभीपाड्यात आमच्या चाळीची पाण्याची वेळ हीच, तीही जेमतेम पाऊण तास. इथून जवळच भांडुप संकुलात आशियातला सर्वांत मोठा म्हणवला जाणारा जलशुद्धीकरण प्रकल्प आहे आणि डोंगरावरच्या आमच्या नळाला करंगळीएवढी धार. चिडणं मी सोडून दिलंय. हे पाणी वैतरणेच्या खोऱ्यातून येतं, आणि त्या धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर फिरतात. मला निदान धार तरी आहे.

आज रविवार, श्रावण, कपाशीवर फवारणीचे दिवस. यातलं तिसरं मुंबईत कुणाच्या मनात येत नाही, पण माझ्या कामात पंचांग असंच वाचावं लागतं. मृगाआधी बियाण्याचे पैसे, श्रावणात फवारणी आणि पावसाची उघडीप, दिवाळीच्या मागेपुढे कापसाचा भाव, मार्चमध्ये सोसायटीची वसुली. त्या त्या आठवड्यात फोन वाढतात. मी एका हेल्पलाइनवर समुपदेशक आहे. आज सकाळची पाळी.

(पुढे ज्यांचे फोन येतील त्यांची गावं, नाती, कामं मी बदलली आहेत.)

सकाळी ६.५०
भांडुप स्टेशन. रविवारच्या लोकलमध्ये चक्क बसायला मिळतं. १८४३ साली जॉर्ज क्लार्क नावाचा सरकारी मुख्य अभियंता भांडुपला आला होता आणि मुंबईहून ठाणे-कल्याणपर्यंत, पुढे घाटांपर्यंत आगगाडी न्यायची कल्पना त्याला इथेच सुचली, असं नोंदलेलं आहे. मला ही गोष्ट आवडते. ज्या रुळांवरून पुढे खेड्यांतली तरणी पोरं इकडे आली, त्यांची कल्पना आमच्या भांडुपात निघाली. मागे गावात म्हातारे राहिले. आता त्यांची काळजी फोनवरून वाहायची, आणि ती वाहायला आम्ही.

सकाळी ८.००
पाळी बदलली. रात्रीचा सहकारी डोळे चोळत वही पुढे सरकवतो. एकूण फोन किती, मुके किती, पुन्हा कुणाला लावायचे. मुका फोन म्हणजे पलीकडे फक्त श्वास. तो आपण ठेवायचा नसतो. "मी आहे, सावकाश बोला," एवढं सांगून थांबायचं. कधी चौथ्या मिनिटाला शब्द फुटतो, कधी फुटतच नाही.

वहीच्या शेवटच्या पानांवर मी एक यादी ठेवलीय, लोकांच्या शब्दांची. डोकं जाम झालंय. जीव घाबरा होतो. अन्नावर वासना नाही. कशात मन लागत नाही. रात्र खायला उठते. टेन्शन आलंय. ‘नैराश्य’ हा शब्द इतक्या वर्षांत मी खेड्यातल्या माणसाच्या तोंडून एकदाच ऐकला, आणि तो माणूस शिक्षक होता. आमच्या पत्रकांवर मात्र मोठ्या अक्षरांत तोच छापतात.

सकाळी ९.२५
फोन भांडुपमधूनच. तरुण मुलगा, एका सोसायटीत वॉचमन, बारा तासांची ड्यूटी. गाव यवतमाळकडचं. स्वतःसाठी नाही, बापासाठी.

"मॅडम, बाबा दोन दिवस जेवले नाहीत. काल फोनवर म्हणे, लहान्याले सांभाळजो. असं कधी बोलत नाहीत ते."

आमच्याकडचे कितीतरी फोन असेच दुसऱ्यासाठी असतात. ज्याला त्रास आहे तो फोन करत नाही. करतो तो पाच-सातशे किलोमीटरवरचा मुलगा, ज्याला निघता येत नाही. मी त्याला कारण विचारत नाही, कर्जही विचारत नाही. एकच विचारते, "आत्ता या मिनिटाला घरी कोण आहे?"

आई शेतावर, भाऊ शाळकरी, बाबा ओसरीत एकटे. मग शेजारी कोण? चुलता, पण बोलणं बंद. पलीकडच्या घरचा मित्र? आहे. "त्यांना लावा, मी लाइनवर थांबते. त्यांनी जाऊन नुसतं शेजारी बसायचं, उपदेश करायचा नाही. आणि फवारणीचं औषध घरात असेल तर आजच्या आज आपल्या घरी नेऊन कुलपात ठेवायचं."

हे शेवटचं सांगताना पूर्वी मी अडखळायची. वाटायचं, आपणच सुचवतोय की काय. तसं होत नाही. तो झटका बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढा वेळ हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण १९९५ च्या मानानं निम्म्याहून खाली आलं. कायदा बदलायला सरकार लागतं, कुलूप लावायला शेजारी पुरतो.

मुलगा मध्येच विचारतो, "पोलीस केस होईल का?" ही भीती अजून गेलेली नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे. जुन्या दंड संहितेतलं ३०९ नवीन न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, तसं उरलेलंच नाही. मी एवढं सगळं सांगत नाही. "नाही होणार, दादा," इतकंच.

सकाळी ९.५५
मित्र पोचला. फोन बाबांच्या हातात.

"नमस्कार काका. मी मुंबईहून बोलते. तुमच्या पोराला तुमची काळजी लागलीय."

"काई नाई जी. मी बरा हाव."

पावसाचं विचारते. पऱ्हाटी किती, ते विचारते. मग झोपेचं. झोप नाही. जेवणाचं. इच्छा नाही. मग तो प्रश्न. मराठीत त्याला पांघरूण घालायची सोय आहे: ‘जीवाचं काही बरंवाईट’. मरणातसुद्धा ‘बरं’ घुसवणारा हा शब्द मऊ आहे, पण त्याला उत्तरही मऊच येतं, "नाई, तसं काई नाई." शिकाऊ मुलींना मी सांगते, इथे मऊ बोलायचं नाही.

"काका, मरून जावं असा विचार येतो का?"

बराच वेळ काही नाही. मागे कोंबडी ओरडतेय.

"येते."

"दिवसा येतो की रात्री?"

"रातीले. दिवसा वावरात बरं वाटते."

हे ऐकून सुटल्यासारखं होतं. धोका टळलेला नसतो, पण आता तो आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलेला असतो. त्यांना बोलू दिलं. सोसायटीचं कर्ज आहे, पण ते दरवर्षीचंच. पोरीच्या लग्नाचं देणं आहे. आणि मग, अठराव्या मिनिटाला: "बैलजोडी इकली उन्हाळ्यात. पोळ्याले गोठा खाली दिसन."

उद्या काही झालं असतं तर बातमीत ‘कर्जबाजारीपणाला कंटाळून’ छापलं असतं. रिकाम्या गोठ्याला रकाना नाही.

आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: आज रात्री एकटं झोपायचं नाही, मित्र ओसरीत झोपेल. विचार आला तर त्याला उठवायचं. ते नाही जमलं तर आमचा नंबर, किंवा १४४१६. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, तिचा हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. संध्याकाळी मी पुन्हा लावणार.

सकाळी १०.४०
खरं काम आता सुरू होतं. काकांना डॉक्टर लागणार. जिल्ह्याचं मानसिक आरोग्य पथक त्यांच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी येतं, तो वार मंगळवार. म्हणजे सकाळची एसटी, एक रोज बुडणार, सोबत माणूस हवा. फवारणीच्या दिवसांत ‘पुढच्या मंगळवारी जाऊ’ हे ठरलेलं उत्तर. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. योजना आहेत. ओसरी ते एसटी स्टँड एवढा तुकडा कुणाच्याच योजनेत नाही.

तो तुकडा आशाताई जोडते. राज्याच्या प्रेरणा प्रकल्पात, विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत, शेतकऱ्यांच्या घरी जाऊन प्रश्नावली भरायचं काम तिच्याकडेच आहे. मुलाच्या मामाकडून नंबर मिळाला. रविवार असूनही तिनं उचलला.

"फॉर्म भरला होता ना त्यांचा. तवा चांगले होते."

फॉर्म भरला त्या दिवशी ते चांगले असतीलही. तेव्हा गोठ्यात बैल होते. मी मंगळवारचं विचारते. ती म्हणते, लसीकरणाचं सत्र आहे, पण बघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मानधनासाठी आझाद मैदानावर बसलेल्या आशाताईंना मी पाळी संपवून भेटायला गेले होते, त्यामुळे ‘बघते’चं वजन मला ठाऊक आहे.

दुपारी १.००
डबा. नवी आलेली मुलगी आकडे वाचतेय. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. शेतीतल्या ११,२९०, त्यात आपल्या राज्यातल्या ४,२४८. तिला बोट ठेवून एक ओळ दाखवली: देशभरच्या त्या ११,२९० मध्ये शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजूर जास्त. पण एक लाखाच्या मदतीसाठी ‘पात्र-अपात्र’ ठरवताना सातबारा बघतात, कर्जाचे कागद बघतात. मजुराकडे सातबारा नाही. बाईचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच. ती मेली की ‘गृहिणी’.

भेंडीची भाजी गार झाली.

दुपारी २.१०
ठरलेला फोन, अशाच एका बाईला. नवरा जाऊन आठ महिने. दर पंधरवड्याला लावते. आज म्हणाली, "ताई, पंधरा दिवसांत मला नावानं हाक मारणाऱ्या तुम्हीच." सासरी तिला आता कुणी नावानं बोलावत नाही. गोळ्या चालू आहेत, देवऋष्याकडेही जाते. मी देवऋष्याला नाही म्हणत नाही, गोळ्या थांबवू नका म्हणते. वही बंद केली.

दुपारी ३.२०
मेगाब्लॉक. फलाटावर पाऊण तास. ह्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

सायंकाळी ५.००
कोकणनगर. आमच्या वाडीच्या ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखेची मासिक सभा, दहा बाय बाराच्या खोलीत तीस माणसं, निम्मी दारात. आमची वाडी राजापूर तालुक्यात. भांडुपात अशा मंडळांना तोटा नाही. गावात कुणाच्या घराचं कौल हललं तरी इथे कळतं. देवळाचा जीर्णोद्धार, पालखीचा मान, पाखाडीची दुरुस्ती, सगळं इथे बसून ठरतं. गणपती तोंडावर आलेत, त्यामुळे एसटीच्या ग्रुप बुकिंगवरच पाऊण तास गेला.

मग मी माझा विषय काढला. वाडीत चौतीस घरं, त्यातली एकोणीस बंद, सहा घरांत एकटं माणूस. त्या सहा जणांकडे रोज कोण डोकावतं? कोकणात कापूसही नाही, पोळाही नाही. आमच्याकडे माणूस गुपचूप खंगतो आणि आम्ही म्हणतो, वय झालं.

मागून एक तरुण म्हणाला, "काकी, आपण काय डॉक्टर थोडेच?"

त्याला अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांचं सांगितलं. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प, ‘संगत’ या संस्थेनं चालवलेला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवलं: ऐकायचं कसं, विचारायचं कसं, डॉक्टरकडे पाठवायचं कधी. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारच कुणाकडे मदतीला जायचे, नंतर सत्तावीस. मरणाचे विचार येतात म्हणणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त हे छापून आलंय. तिथेही डॉक्टर होतेच, पण साखळीच्या शेवटी. पहिली कडी शेजारी.

सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला आणि इतिवृत्तात लिहिलं: ठराव क्र. ५, एकट्या राहणाऱ्यांची यादी करणे व प्रत्येकामागे वाडीतील एक व एक मुंबईतील जबाबदार व्यक्ती नेमणे. ठराव क्र. ४ जनरेटरच्या भाड्याचा होता आणि त्यावर जास्त भांडण झालं. माझ्या ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळायला थोडा वेळ लागला. अध्यक्षांची बायको दारातून म्हणाली, "माझं नाव घाला."

त्या सहांत माझी सासूही आहे. तिच्यामागे मुंबईतलं नाव माझं पडलं. घरी येताना तिला फोन केला. तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "काय गो, आज वेळ कसा गावला?"

रात्री ८.३०
यवतमाळ. काकांनी अर्धी भाकर खाल्ली. मित्राची वळकटी ओसरीत आली आहे. काका आता सकाळपेक्षा कमी बोलतात, पण आवाजाला थोडा ओलावा आहे. मित्रानं फोन घेऊन हळूच सांगितलं, "म्या म्हनलं, पोळ्याले माही जोडी तू धर तोरणाखाली. काईच बोलला नाई. पन उठून गेला नाई."

पोळा अजून अकरा दिवस लांब आहे. मी मंगळवारवर येते. एसटी सातची. आशाताईचा मेसेज पडलाय: सत्र दुसऱ्या ताईकडे दिलं, मी येते, पण तिकिटाचं बघा. मुलाला कळवलं. त्यानं ड्यूटीवरूनच दोनशे रुपये पाठवले आणि विचारलं, मी गावी जाऊ का? सुपरवायझर सुट्टी देत नाही. मी म्हटलं, गाडीत बसेपर्यंत रोज दोनदा फोन करा, आणि बोलायला काही नसेल तर पऱ्हाटीचं विचारा.

रात्री १०.१५
पिंप झाकलं. दोन गजर लावले, उद्याचा ५.०५ चा पाण्यासाठी, मंगळवारचा सहाचा एसटीसाठी.