सोनोराची नोट विकत घेण्याआधी

जुन्या मेक्सिकन नोटांविषयी एक समज फारच पक्का आहे: क्रांतीच्या धामधुमीत कुणीही उठून छापलेले हे कागद. तशा नोटाही होत्या. क्रांतीतला सेनानी पांचो व्हिया याच्या ताब्यातल्या चिवावा राज्यात निघालेल्या नोटांना लोक ‘चादरी’ म्हणत. पण सोनोरा, युकातान, दुरांगो, ग्वानाह्वातो या राज्यांतल्या बँकांच्या नोटांची गोष्टच निराळी. या बँका खाजगी असल्या तरी परवानाधारक होत्या. 1897च्या कायद्याने त्यांना चांगलंच बांधून घातलं होतं. भरणा झालेल्या भांडवलाच्या तिपटीहून जास्त नोटा काढायच्या नाहीत. नोटा आणि मागताक्षणी परत करायच्या ठेवी मिळून तिजोरीतल्या रोकडीच्या दुपटीपलीकडे जायच्या नाहीत. नोटेवर बँकेच्या अधिकाऱ्यांबरोबर सरकारी निरीक्षकाचीही सही असे. 1913 मध्ये राष्ट्राध्यक्ष हुएर्ताच्या सरकारने राखीव रोकडीची अट सैल केली, तेव्हा ही घडी विस्कटली. 1916 मध्ये क्रांतीतला नेता कार्रान्सा याने बँकांचे परवानेच रद्द केले. नोटा बुडाल्या त्या राजकारणापायी, छपाई बनावट होती म्हणून नव्हे.

दुसरा समज खिशाला महाग पडतो: नोट जुनी आणि करकरीत, म्हणजे दुर्मीळ. बांको दे सोनोराची सुंदर, कोरी नोट शंभर वर्षांनंतरही सहज आणि स्वस्तात मिळते. ती उजेडात धरून खालची ओळ पाहा. सह्यांच्या जागा बहुधा रिकाम्या असतात. म्हणजे ती छापली गेली, पण चलनात कधी आलीच नाही. कॅटलॉगमध्ये अशा शिल्लक नोटांच्या क्रमांकाला ‘आर’ हे अक्षर जोडलेलं असतं. तारीख आणि खऱ्या सह्या असलेली, घडी पडलेली, मळकी नोट तिच्यापेक्षा कितीतरी मोलाची असू शकते. संग्राहकाने जीव लावावा तो अशा नोटेवर, असं माझं ठाम मत आहे. कोऱ्या नोटेवर मागाहून सह्या ठोकणारेही असतात, तेव्हा शाई भिंगाखाली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भोकं दिसली की लोक नोट बाद समजतात. पण भोकांनी ‘आमोर्तिसादो’ असं कोरलेलं असेल, तर ती नोट बँकेने पैसे चुकते करून रद्द केलेली असते. ‘स्पेसिमेन’ असा छाप, शून्यांचा क्रमांक आणि सह्यांच्या जागी भोकं असतील, तर तो छापखान्याचा नमुना. या बँकांच्या बहुतेक नोटा न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीने छापल्या. तिच्या संग्रहातले नमुने 1990 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावातून बाजारात आले.

नोटेवर देखणी स्त्री दिसली, तर ती बँकेच्या गावचीच असणार, हेही खरं नाही. कंपनीकडे कोरीव चित्रांचा साठा असे आणि एकच चित्र अनेक गिऱ्हाइकांना चाले. पुढे बांको दे मेहिको या मध्यवर्ती बँकेच्या 5 पेसोंच्या नोटेवर आलेली ‘हिताना’ (जिप्सी स्त्री) अर्थमंत्र्यांची प्रेयसी असल्याची वदंता पसरली होती. ती बँक स्थापन झाली 1925 मध्ये. चित्र मात्र कंपनीचा कोरीवकाम करणारा कारागीर रॉबर्ट सॅव्हेज याने 1910 मध्येच कोरलेलं होतं.

आणि नोट धुऊन, इस्त्री करून तिची किंमत वाढत नाही, घटते. पीव्हीसीची पाकिटंही कालांतराने कागद खराब करतात, मायलारची वापरावीत.