क्लोरीन आहे, पण कामावर नाही

पोहण्याच्या तलावाजवळ गेल्यावर क्लोरीनचा उग्र वास आला की आपण निर्धास्त होतो. पाण्यात औषध भरपूर आहे, आता रोगजंतूंची भीती नाही, असे आपल्याला वाटते. ही समजूत किती फसवी आहे हे मला गेल्या मे महिन्यात अलिबागजवळ एका स्नेह्यांच्या बंगल्यावर पाहायला मिळाले.

बंगल्यामागे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा तलाव आहे. सुटीला आलेली भाचरे-पुतणे मिळून दहाबारा मुले दिवसभर त्यात डुंबत होती. मी पोहोचलो तेव्हा पाण्याला हिरवट झाक आली होती, पायऱ्या बुळबुळीत झाल्या होत्या आणि दोन मुलांचे कान ठणकत होते. कान या पाण्यामुळेच दुखले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण शंकेला जागा होती. तलावाची देखभाल करणारे काका मात्र बुचकळ्यात पडले होते. "सर, दर दोन दिवसांना एक गोळी टाकतोय. जानेवारीच्या मध्यावर पाणी भरलं, तेव्हापासून एकदाही चुकलो नाही. चाचणीत क्लोरीन तीन दिसतो. मग शेवाळ येतंच कसं?"

काकांचा प्रश्न रास्त होता. तीन म्हणजे तीन पीपीएम, दहा लाख भागांत तीन भाग. लिटरभर पाण्यात तीन मिलिग्रॅम. एवढा क्लोरीन एरवी पुरेसा व्हायला हवा. तो होता, पण कामावर नव्हता.

हे समजण्यासाठी आधी क्लोरीन पाण्यात काय करतो ते पाहू. त्याचे हायपोक्लोरस आम्ल होते, आणि जंतूंना मारतो तो मुख्यतः या आम्लाचा रेणू. त्याच्यावर विद्युतभार नसल्यामुळे तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. या आम्लाचा काही भाग विघटित होऊन हायपोक्लोराइट आयन बनतो. तो ऋणभारित असल्याने जंतूंवर फारच दुबळा पडतो. दोघांची वाटणी पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. सामू साडेसात असताना दोघे जवळजवळ निम्मे-निम्मे असतात; सामू आठवर गेला की आम्लाचा वाटा चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून तलावाचा सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान राखतात.

आता सूर्य मध्ये येतो. हायपोक्लोराइट आयन सुमारे २९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे जंबुपार किरण शोषून घेतो, आणि सूर्यप्रकाशातील नेमके त्याच्या आगेमागचे थोडे किरण ओझोनच्या थरातून निसटून आपल्यापर्यंत पोहोचतात. ते शोषले की आयन मोडतो व त्याचा साधा क्लोराइड होतो, मिठात असतो तोच. 'उन्हाने क्लोरीन उडून जातो' असे लोक म्हणतात, पण खरे तर त्यातला बराचसा पाण्यातच राहतो, फक्त निरुपयोगी होऊन. हा ऱ्हास किरणोत्सर्गी पदार्थासारखा अर्धायुष्याने मोजता येतो. उघड्या तलावात भर दुपारी हे अर्धायुष्य अर्ध्या-पाऊण तासाचे असते. समजा पाऊण तास धरला, तर तीन तासांत चार अर्धायुष्ये होतात आणि सोळावा हिस्सा उरतो. सकाळी टाकलेले तीन पीपीएम दुपारी ०.२ च्याही खाली!

यावर उपाय म्हणून सायन्युरिक आम्ल वापरतात. बाजारात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये युरिया तापवून ते मिळवले होते. युरिया प्रयोगशाळेत बनवून दाखवणारा तो हाच. या आम्लाच्या रेणूत कार्बन आणि नायट्रोजनचे तीन-तीन अणू आळीपाळीने जोडून षट्कोनी कडे झालेले असते. क्लोरीन या नायट्रोजनला सैलसा चिकटतो. चिकटलेला असताना उन्हाचा त्याला फारसा त्रास होत नाही, आणि पाण्यातला सुटा क्लोरीन खर्च झाला की तो हळूहळू सुटून येतो.

अंगणात घातलेला मांडव डोळ्यांपुढे आणा. क्लोरीनची मंडळी मांडवाखाली सावलीला बसली आहेत, आणि जंतू मात्र उघड्या अंगणात आहेत. अंगणातला एक गडी खर्ची पडला की मांडवातून दुसरा बाहेर येतो. व्यवस्था फार चांगली आहे. मात्र मांडव बेताचा हवा. तो जितका मोठा, तितके अंगणात कमी लोक. सायन्युरिक आम्ल ३० ते ५० पीपीएम असतानाही सुटा क्लोरीन एकूणाच्या काही टक्केच असतो, पण तेवढ्यावर काम भागते. आम्ल दीडशेच्या जवळ गेले की तो शेकडा एकाच्या आसपास येतो. तीन पीपीएम कागदावर, अंगणात जवळजवळ कोणी नाही, आणि शेवाळाला मोकळे रान.

मग चाचणीत तीन कसे दिसले? तीत मोठी गंमत आहे. चाचणीचे गुलाबी होणारे रसायन अंगणातला क्लोरीन पकडते. तो पकडल्याबरोबर समतोल बिघडतो आणि मांडवातून दुसरा बाहेर येतो. तोही पकडला जातो. तुम्ही रंग जुळवून पाहीपर्यंत सारा मांडव रिकामा झालेला असतो. चाचणी हजेरीपट मोजते, काम मोजत नाही.

पण काकांनी तर स्टॅबिलायझर कधी टाकलाच नव्हता. मी गोळ्यांचा डबा मागवला. त्यावर ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल असे लिहिले होते, म्हणजे त्याच षट्कोनी कड्यावर आधीच बसवलेले तीन क्लोरीन. गोळी विरघळली की क्लोरीन वापरला जातो आणि कडे मागे उरते. त्याची वाफ होत नाही, ऊन त्याला मोडत नाही.

हिशेब तुम्हीही करून पाहा. जानेवारीच्या मध्यापासून चार महिन्यांत २०० ग्रॅमच्या ६० गोळ्या, म्हणजे १२ किलो. गोळीतल्या पदार्थाचा रेणुभार सुमारे २३२, सायन्युरिक आम्लाचा १२९. तेव्हा १२ किलोंतून ६.६ किलोंहून थोडे अधिक सायन्युरिक आम्ल तयार झाले. तलावात ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी. भागाकार केला की जवळजवळ १४० पीपीएम येतात.

कागदावरचा हिशेब खरा की खोटा हे पाहण्याची चाचणी फार सुंदर आहे. तलावाच्या पाण्यात मेलॅमिनचा द्राव मिसळला की सायन्युरिक आम्लाबरोबर त्याचा पांढरा साका होतो. हे गढूळ पाणी तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचे. ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. (याच जोडीचे स्फटिक मूत्रपिंडात साठून २००७ मध्ये अमेरिकेत भेसळीच्या खाद्यामुळे अनेक कुत्री-मांजरे दगावली होती.) नळीवरचे आकडे शंभरापर्यंतच होते, म्हणून मी नमुन्यात तेवढेच विहिरीचे पाणी मिसळले. ठिपका सत्तरच्या खुणेजवळ नाहीसा झाला. दुप्पट केले की १४०. काकांनी नळी माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा एकदा ओतून पाहिली.

आणि तो उग्र वास? तो बव्हंशी क्लोरीनचा नसतोच. घाम आणि मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. वास त्यांचा, आणि डोळे चुरचुरतात तेही प्रामुख्याने त्यांच्यामुळे. स्वच्छ तलावाला वास जवळजवळ नसतो. आंघोळ करून तलावात उतरा ही पाटी उगाच लावलेली नसते.

स्नेह्यांनी विचारले, "हे आम्ल घालवायला काही औषध नाही का?" व्यवहारात एकच खात्रीचा उपाय आहे: पाणी बदलणे. १४० वरून पन्नासच्या खाली यायचे तर दोनतृतीयांश पाणी, म्हणजे ३२,००० लिटर काढून टाकावे लागते. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना एवढे पाणी आणायचे कोठून? टँकर मागवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मला खरोखर संकोच वाटला. गावात लोक प्यायच्या पाण्याची वाट पाहत होते.

मग दुसरा हिशेब सुचला. तलावाचे दोनतृतीयांश पाणी म्हणजे बरोबर एक मीटर खोली. अलिबागला पावसाळ्यात दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तलाव उघडा आहे. जूनच्या सुरुवातीला एक मीटर पाणी उपसले. तलाव पूर्ण रिकामा मात्र केला नाही, कारण पावसात जमिनीतले पाणी वर चढले की रिकाम्या तलावाला नावेसारखे उचलू पाहते. गोळ्या बंद केल्या. पंप चालू ठेवून रोज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ब्लीचिंग पावडरची निवळी टाकायची असे ठरले. तिच्यात सायन्युरिक आम्ल नसते. काकांना एक गोष्ट मी दोनदा बजावली: गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर कधीही एका बादलीत वा एका डब्यात एकत्र येऊ द्यायची नाहीत, त्यातून स्फोट होऊ शकतो, आणि ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडले तर क्लोरीन वायू सुटतो, जो १९१५ मध्ये ईप्र येथे युद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला होता.

मुले रुसली, हे सांगायला नकोच. उरलेली सुटी त्यांनी आंब्याच्या झाडावर काढली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काकांचा फोन आला. तलाव काठोकाठ भरला होता. "सर, ठिपका पन्नासच्या जरा खाली गेला," ते म्हणाले, "आणि पाण्याला वासच नाही. काही चुकलं तर नाही ना?"