हॉटेलातली जिम सासूबाईंचीही!

गेल्या डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाला आम्ही सगळे नाशिकला गेलो होतो. उतरायची सोय एका चांगल्या हॉटेलात. सासूबाई ७५ वर्षांच्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम पाच महिने झालेले. 'व्यायाम एक दिवससुद्धा चुकवायचा नाही' असं फिजिओथेरपिस्टने बजावलेलं. रिसेप्शनजवळ 'फिटनेस सेंटर' अशी पाटी दिसली, तेव्हा त्याच उत्साहाने म्हणाल्या, "चल गं, बघू तरी!"

गेलो. दाराला उंच पायरी. आत तीन ट्रेडमिल आणि पाच किलोपासून पुढची डंबेल्स. बसायला खुर्ची नाही, धरायला दांडा नाही. एक भिंत पूर्ण काचेची! नाश्त्याला निघालेली पाहुणेमंडळी आत डोकावत पुढे जात होती. सासूबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "हे काही आपल्यासाठी नाही गं." लग्नाच्या गडबडीत दोन दिवस व्यायाम राहिला तो राहिलाच. अक्षता टाकायला उठताना त्यांना दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागला. माझ्या जिवाला ते फार लागलं.

मैत्रिणींनो, पैसे तर आपण सगळ्यांचे सारखेच भरतो. मग ही खोली फक्त पिळदार दंडांच्या तरुणांसाठीच का?

हॉटेलात कोण कोण उतरतं ते बघा. कामानिमित्त आलेल्या माणसाला मीटिंगच्या आधी पहाटे अर्धा तास हवा असतो. दार सातला उघडणार असेल तर त्याला त्या जिमचा काय उपयोग? एकटी आलेली नोकरदार बाई उजेड बघते, आपल्या खोलीच्या कार्डानेच दार उघडतं ना हे बघते, हाताशी फोन किंवा घंटा आहे का बघते. तिला काचेचं प्रदर्शन नको, पण अगदी बंद कोपराही नको. अर्ध्या उंचीपर्यंत धुरकट काच लावली तरी दोन्ही गोष्टी साधतात.

सुट्टीला आलेल्या कुटुंबाबरोबर मुलं असतात. चालत्या ट्रेडमिलच्या पट्ट्यात लहान बोटं अडकू शकतात, म्हणून मशिनची जागा आणि मोकळी जागा वेगळी हवी. ट्रेडमिलच्या मागे साधारण दोन मीटर जागा मोकळी सोडायची असते. पाय सटकला तर माणूस मागच्या भिंतीवर आपटू नये, एवढाच त्यातला हेतू. आपल्याकडे ओढणीचाही विचार हवा. ती गुंडाळून ठेवायला दाराजवळ चार खुंट्या असाव्यात.

आणि ज्येष्ठ मंडळी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय, की मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचेही व्यायाम करावेत. त्यासाठी फार काही लागत नाही. भिंतीला पक्का दांडा, हात टेकायच्या दोन खुर्च्या, एक-दोन किलोची डंबेल्स, रबरी पट्टे आणि पाठीला टेकू असलेली एखादी सायकल. व्हीलचेअरवाल्या पाहुण्यासाठी ९० सेंटीमीटरचं दार आणि वळायला दीड मीटरचं वर्तुळ. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यामुळे ही मेहेरबानी नव्हेच!

जागाच नसेल, तर व्यायाम खोलीत न्यावा. हिल्टनने २०१७ मध्ये अमेरिकेत खोलीतच व्यायामाची साधनं असलेल्या खास खोल्या सुरू केल्या. आपल्याला एवढं नको. मागितल्यावर स्वच्छ चटई आणि रबरी पट्टा मिळाला तरी पुष्कळ. सूर्यनमस्काराला लागते तरी किती जागा!

निघताना मी मॅनेजरना गाठलं. तरुण मुलगा होता. म्हणाला, "मॅडम, जागा लहान आहे आणि वयस्कर लोक जिममध्ये येतच नाहीत."

मी म्हटलं, "अहो, यायला तुम्ही ठेवलंयत काय? एक ट्रेडमिल कमी करा आणि तिथे दांडा नि खुर्ची ठेवा. मग बघा कोण येतं ते."

त्याने वहीत लिहून घेतलं. पुढे काय केलं, देव जाणे. पण आमच्या घरात मात्र एक गोष्ट बदलली. परवा भाच्याच्या मुंजीसाठी मी हॉटेलला फोन लावत होते, तर आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, एसी आहे का ते राहू दे. धरायला दांडा आहे का, ते आधी विचार!"

तुम्हीही विचारा. दहा जणींनी विचारलं, तर अकराव्या वेळी तो दांडा लागलेला असेल.