मिठाला पाणी सुटेल एवढी ओल

आमच्या रत्नागिरीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात. नाहीतर मिठाला पाणी सुटतं. त्यामागे एक अगदी नेमका आकडा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. त्याच्या खाली असेल तर कोरडं राहतं. आणि गंमत अशी, की जमिनीवर राहणाऱ्या शंखातल्या खेकड्याला, म्हणजे हर्मिट क्रॅबला, सुखाने श्वास घ्यायला लागणारी ओलही तिथूनच सुरू होते. ७५ ते ८५ टक्के.

हे कळायचं कारण माझा भाचा. मुंबईच्या एका दुकानातून त्याने असा एक खेकडा घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत काचेच्या टाकीसकट आमच्याकडे आणून ठेवला. "मामा, तुमच्याकडे दमट हवा आहे, तो इथे मजेत राहील," म्हणाला. नोव्हेंबर ठीक गेला. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे मतलई वारे सुरू झाले आणि खेकडा शंखाच्या तोंडाशी मलूल होऊन पडू लागला. रत्नागिरी दमट खरी, पण बारा महिने नाही. थंडी सरताना पूर्वेचा वारा जोर धरतो आणि दुपारचा खारा वारा उशिरा येतो किंवा येतच नाही. त्या दिवशी पारा सदतीसच्या पुढे जातो, ओठ फुटतात आणि आंब्याचा मोहोर बघून बागायतदारांचे चेहरे उतरतात. अशा दिवशी मिठाची बरणी खडखडीत असते.

या खेकड्याला फुप्फुसं नाहीत. जमिनीवर राहायला आला तरी त्याने कल्ले सोडलेले नाहीत. शंखात तो थोडं पाणी साठवून हिंडतो आणि कल्ले ओले ठेवतो. आतलं मऊ, उजवीकडे पिळलेलं पोटही त्याच ओलीवर जगतं. हवा कोरडी पडली की कल्ले सुकतात आणि मग भरपूर हवेतही तो गुदमरतो. हे मरण झटकन येत नाही, आठवडे लागतात. त्यामुळे पाळणाऱ्याला वाटतं, अन्न मानवलं नसेल.

टाकीत ओल टिकवायला मी शेवटी घरीच एक यंत्र बांधलं. ते सांगायच्या आधी एक हिशोब मांडतो, कारण मी तो उशिरा मांडला. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. निम्म्या उंचीपर्यंत ओली वाळू. ती हवीच, कारण कात टाकताना हा प्राणी वाळूत गाडून घेतो आणि कित्येक आठवडे वर येत नाही. वर उरली सत्तावीस-अठ्ठावीस लिटर हवा. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सत्तावीस ग्रॅम पाण्याची वाफ मावते. म्हणजे आमच्या टाकीतली आर्द्रता ४० टक्क्यांवरून ८० वर न्यायला लागणारं पाणी भरतं ०.३ ग्रॅम. औषधाच्या ड्रॉपरचे सहा थेंब!

सहा थेंब. आणि मी दिवसातून चार वेळा स्प्रेच्या बाटलीने फवारे मारून वाळूचा चिखल करत होतो. अडचण पाण्याची नव्हतीच, झाकणाची होती. दुकानाने टाकीवर जाळी दिली होती आणि ओल जाळीतून सरळ छताकडे जात होती. म्हणून पहिलं काम फुकटचं: जाळी काढा, वर काच ठेवा, एका कोपऱ्यात बोटभर फट सोडा. वाळू मुठीत दाबली की लाडवासारखी वळली पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. किनाऱ्यावर किल्ला करायला घेतो तशी. बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम भागतं. भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

आमच्याकडे कोरड्या दिवसांत टाकीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाईना, तेव्हा बरणीचं यंत्र केलं. फिरकीच्या झाकणाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बरणी, फिश टँकचा छोटा हवेचा पंप, त्याची दोन-तीन मीटर पातळ नळी, बुडबुडे करणारा एक एअर स्टोन आणि हवा एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह विसरू नका. का, ते पुढे येईल.

झाकणाला दोन भोकं पाडायची. खिळा गॅसवर तापवून पाडा, भोक नळीपेक्षा किंचित लहान ठेवा. नळीचं टोक तिरकं कापून भोकातून ओढून घेतलं की ती घट्ट बसते. सांध्याला सिलिकॉन लावा आणि त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान एक दिवस, थांबा. पंपाकडून येणारी नळी बरणीच्या तळापर्यंत सोडायची आणि तिच्या टोकाला एअर स्टोन लावायचा. दुसरी नळी झाकणाच्या आत जेमतेम बोटाच्या पेराएवढी ठेवून तिचं बाहेरचं टोक टाकीत न्यायचं. पाणी निम्मी बरणी, त्याहून जास्त नको. नाहीतर फुटणाऱ्या बुडबुड्यांचे शिंतोडे नळीत शिरतात.

पंप चालू केला की खोलीतली हवा बारीक बुडबुडे होऊन पाण्यातून वर येते. बुडबुडा लहान, म्हणून आतल्या हवेला पाणी चहूबाजूंनी लागतं आणि वर येईपर्यंत ती वाफेने जवळजवळ तुडुंब होते. तीच हवा दुसऱ्या नळीने टाकीत जाते आणि आतली कोरडी हवा फटीतून बाहेर ढकलते. मिनिटाला दोन लिटर देणारा पंप पंधरा मिनिटांत तीस लिटर हवा ढकलतो, म्हणजे आमच्या टाकीतली सगळी हवा एकदा बदलली. धुकं दिसत नाही. नवशिक्यांना त्यामुळे वाटतं, यंत्र चालत नाही. न दिसणं हाच त्याचा गुण: धुकं करणारी मशिनं पाण्यातले क्षारही हवेत उडवतात आणि काचेवर पांढरी पूड बसवतात. इथे क्षार बरणीतच राहतात.

पहिल्याच दिवशी बोटाने बाहेरची नळी दाबून बघा. बुडबुडे थांबले तर बरणी घट्ट आहे. चालूच राहिले तर झाकणाला साबणाचं पाणी लावा, फेस येईल तिथे गळती.

आता व्हॉल्व्हचं. मी तो लावला नव्हता आणि पंप जमिनीवर, बरणी टेबलावर ठेवली होती. रात्री वीज गेली. आमच्याकडे जाते. हवा थांबली आणि पाणी नळीतून उलटं फिरून पंपात उतरलं. सकाळी पंप मेला होता आणि फरशीवर थारोळं. तेव्हापासून व्हॉल्व्ह लावतो आणि पंपही बरणीपेक्षा उंच फळीवर ठेवतो.

बाहेरच्या नळीत गार रात्री पाण्याचे थेंब जमतात. नळी बरणीकडे उतरती ठेवली की ते परत बरणीत जातात. तरीही एखादा थेंब टाकीत पडतोच, म्हणून नळीचं तोंड गोड्या पाण्याच्या वाटीवर आणा. वाळूवर नको, कारण खाली कात टाकत पडलेला खेकडा बुडू शकतो. (दुसरी वाटी खाऱ्या पाण्याची लागते, आणि ते फिश टँकच्या सागरी मिठाचं. स्वयंपाकाचं मीठ नको.)

पाणी कुठलं? विहिरीचं चांगलं. नळाचं असेल तर उघड्या भांड्यात एक दिवस ठेवा, क्लोरीन उडून जातं. पण तांब्याच्या कळशीतलं कधीही नको. आपल्याला ते आरोग्याचं वाटतं, खेकड्यासारख्या प्राण्यांना तांबं विष आहे. आणि पंप खोलीतली हवा ओढतो हे लक्षात ठेवा. त्याच खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा लिक्विडचं मशीन लावलंत तर तो धूर तुम्ही स्वतः मोजून मापून टाकीत सोडताय. डासांवर चालणारी ही औषधं खेकड्यांना कितीतरी जास्त बाधतात. आमच्या त्या खोलीत आता मच्छरदाणी आहे.

बरणी आठवड्यातून एकदा रिकामी करून गरम पाण्याने, साबणाशिवाय, धुवा. डास होऊ नयेत म्हणून घरातली पाण्याची भांडी रिकामी करायचा आठवड्याचा 'कोरडा दिवस' पाळत असाल, तर त्याच दिवशी हेही करून टाका.

आर्द्रता मोजायला डिजिटल मीटर दोनेकशे रुपयांच्या आसपास मिळतो, पण स्वस्त मीटर पाच-दहा टक्के खोटं बोलतात. तपासणी घरच्या घरी होते आणि इथे मिठाची बरणी पुन्हा कामाला येते. बाटलीच्या झाकणात पाकिटातलं बारीक मीठ घ्या. खडेमीठ नको, त्यातले इतर क्षार आधीच पाणी धरतात. मिठात पाण्याचे थेंब घालून ओल्या वाळूसारखं करा. ते झाकण आणि मीटर एका पारदर्शक डब्यात किंवा झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ६९ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात सहा मिळवा.

पंप दिवसभर चालवायचा नसतो. मी साध्या टायमरवर पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद असं सकाळ-दुपार ठेवतो. ८५ च्या वर काचेवर ओघळ येतात, मग अन्नावर बुरशी आणि वाळूला आंबूस वास. पावसाळ्यात तर पंप कपाटात जातो. तेव्हा कोकणातली हवाच ते काम करते, आपण फक्त फट थोडी रुंद करायची.

हे वाचून कोणी मांडवीच्या किंवा मिऱ्याच्या खडकांतले शंखातले खेकडे घरी आणू नयेत. ते समुद्राचे. त्यांना ओली हवा नाही, खारं पाणी लागतं, आणि असल्या टाकीत ते जगत नाहीत. विकत घेण्याचंही माझं मत आता बदललं आहे. या प्राण्याची पिल्लं समुद्रात वाढतात, माणसाच्या हाताखाली पैदास फार क्वचित होते. म्हणजे दुकानातला जवळपास प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. आहे त्याला नीट सांभाळा, दुसरा आणू नका.

आणि आरे-वारेच्या वाळूत रिकामा शंख दिसला तर तिथेच राहू द्या. काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. बाकीच्यांसाठी ओहोटीच्या डबक्यात कोणीतरी घर शोधत असतं.