कबड्डी : मैदान आणि कारभार

दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याचे नाव कस्तुरबा गांधी मार्ग असे आहे. पूर्वी हा रस्ता कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. महाराष्ट्र शासनाचे नवे महाराष्ट्र सदन २०१३ पासून याच मार्गावर उभे आहे. राजधानीत कामानिमित्त येणाऱ्या मराठी माणसाचे पाय सहजच या सदनाकडे वळतात. या मार्गाच्या टोकाला इंडिया गेट लागते आणि तेथून दिल्ली उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय या दोन्ही इमारती फारशा दूर नाहीत. महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या एका खेळाचा वाद गेल्या काही वर्षांत याच दोन न्यायालयांपुढे चालला. तो खेळ म्हणजे कबड्डी.

कबड्डीला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, जाळे लागत नाही. सपाट जागा, चुन्याच्या चार रेषा आणि खेळणाऱ्यांच्या छातीतला दम एवढेच तिचे भांडवल. अशा साध्या खेळाला न्यायालयाची पायरी का चढावी लागली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना खेळाची एक दुसरी बाजू दिसू लागते. खेळ मैदानावर खेळला जातो हे खरे. पण तो टिकतो आणि वाढतो तो संघटनेच्या बळावर. म्हणून संघटनेचा कारभार कसा चालतो, हे जाणून घेणे खेळाडूइतकेच प्रेक्षकालाही आवश्यक आहे.

एक खेळ, अनेक नावे

कबड्डी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या नावांनी खेळली जात असे. महाराष्ट्रात ती हुतूतू होती, तमिळ प्रदेशात चेडुगुडु, तर बंगालमध्ये हाडुडु. नावांप्रमाणे नियमही वेगळे होते. संजीवनी प्रकारात बाद झालेला खेळाडू पुन्हा ‘जिवंत’ होऊन मैदानात येई. गामिनी प्रकारात बाद झालेला खेळाडू सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात खेळाडू बाद झाला तरी मैदान सोडत नसे. केवळ गुण मोजला जाई.

गावातल्या गावात खेळताना या वेगळेपणाची अडचण होत नव्हती. परंतु एका गावाचा संघ दुसऱ्या गावी गेला की पहिला वाद नियमांवरून होई. समान नियम असल्याशिवाय स्पर्धा होऊ शकत नाही, आणि समान नियम ठरवायचे तर ते सर्वांनी मान्य करावेत अशी एखादी संस्था असावी लागते. संघटनेची गरज निर्माण होते ती येथे.

हे काम प्रथम हाती घेण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत येथील व्यायामप्रेमी मंडळींनी हुतूतूचे नियम एकत्र करण्यास आरंभ केला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने ठरावीक नियमांनुसार स्पर्धा भरवली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानेही नियमांची घडी बसवली. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातील एका व्यायामशाळेने देशी खेळ जगासमोर मांडला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मंडळापासून महासंघापर्यंत

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. महाराष्ट्रात या खेळाच्या प्रसारासाठी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

संघटनेची रचना पायऱ्यांसारखी आहे. सर्वांत खालची पायरी म्हणजे गावातील वा वस्तीतील क्रीडा मंडळ. मुंबईत लालबाग, परळ, दादर या गिरणगावाच्या परिसरात अशी मंडळे चाळीचाळींतून उभी राहिली. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार संध्याकाळी याच मंडळाच्या मैदानात उतरत असे. मंडळे एकत्र येऊन जिल्हा संघटना होते, जिल्हा संघटना मिळून राज्य संघटना होते आणि राज्य संघटनांच्या प्रतिनिधींतून राष्ट्रीय महासंघ उभा राहतो. त्याच्या वर आशियाई आणि आंतरराष्ट्रीय महासंघ असतात.

ही उतरंड केवळ कागदावरची नसते. जिल्ह्याचा संघ जिल्हा संघटना निवडते, राज्याचा संघ राज्य संघटना निवडते आणि देशाचा संघ राष्ट्रीय महासंघ पाठवतो. एखादी मुलगी कितीही चपळ असली, तरी तिच्या मंडळाची जिल्हा संघटनेकडे नोंद नसेल, तर निवड चाचणीचे दार तिच्यासाठी उघडत नाही. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवले. त्याचा लाभ घेताना स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती की नव्हती, हे पाहिले जाते. म्हणजे संघटनेच्या मान्यतेवर ग्रामीण भागातील एखाद्या तरुणाची भाकरी अवलंबून असू शकते.

वाढता विस्तार

१९८२ मध्ये दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत कबड्डीचे प्रात्यक्षिक सामने झाले. १९९० मध्ये बीजिंग येथे तिला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले आणि भारताने सुवर्णपदक पटकावले. २०१० मध्ये ग्वांगझू येथे महिलांच्या कबड्डीचाही समावेश झाला. २०१२ मध्ये पाटणा येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा भारताने जिंकली. त्या संघात सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तीन खेळाडू होत्या.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. माती जाऊन मॅट आली, सामने दूरदर्शन संचावर घरोघरी दिसू लागले आणि खेळाडूंना लाखो रुपयांच्या बोली लागू लागल्या. मुंबईच्या यू मुंबा संघाने २०१५ मध्ये, तर पुण्याच्या पुणेरी पलटण संघाने २०२४ मध्ये ही स्पर्धा जिंकली.

पैसा आणि प्रसिद्धी आली की जबाबदारीही वाढते. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब एका वहीत मावतो; प्रक्षेपणाचे हक्क, पुरस्कर्ते आणि खेळाडूंचे करार यांचा हिशेब तसा मावत नाही. खेळ मोठा झाला, पण कारभाराची जुनी रीत तशीच राहिली, तर दोहोंमध्ये अंतर पडते. कबड्डीच्या बाबतीत असेच घडले.

न्यायालयापुढे आलेला प्रश्न

भारतात बहुतेक क्रीडा संघटना या शासनाची खाती नसतात. त्या नोंदणीकृत संस्था असतात. त्यांची स्वतःची घटना असते, सभासद असतात आणि निवडणुका असतात. तथापि देशाच्या नावाने संघ पाठवण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो व त्यांना शासनाची मान्यता आणि अनुदान मिळते. म्हणून केंद्र शासनाने त्यांच्यासाठी काही बंधने घातली. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेनुसार पदाधिकाऱ्यांसाठी ७० वर्षांची वयोमर्यादा आणि अध्यक्षपदासाठी जास्तीत जास्त बारा वर्षांची कालमर्यादा ठरवण्यात आली.

कबड्डी महासंघात ही बंधने पाळली जात नाहीत, अशी तक्रार घेऊन काही माजी खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने महासंघातील आजीव अध्यक्षपदाची नेमणूक आणि अध्यक्षपदाची निवड या दोन्ही रद्द ठरवल्या व कारभार पाहण्यासाठी प्रशासक नेमला. त्याच महिन्यात जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत भारताचा पुरुष संघ उपांत्य सामन्यात आणि महिला संघ अंतिम सामन्यात इराणकडून पराभूत झाला. १९९० पासून पुरुषांकडे अखंड असलेले सुवर्णपदक प्रथमच हातचे गेले. एका घटनेमुळे दुसरी घडली असे म्हणता येणार नाही. परंतु इतर देश झपाट्याने पुढे येत असताना आपल्या घरातील घडी विस्कटलेली होती, एवढे मात्र खरे.

प्रशासकाची व्यवस्था तात्पुरती असते. येथे ती वर्षानुवर्षे लांबली. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणुका झाल्या, तरी निवडून आलेल्या मंडळाच्या हाती कारभार आला नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केले. त्याचा फटका ज्यांचा या वादाशी काहीही संबंध नव्हता, अशा खेळाडूंना बसण्याची वेळ आली. इराणमध्ये होणाऱ्या आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेत भारताला प्रवेश मिळेल की नाही, याची शाश्वती राहिली नाही. तेव्हा दोन महिला खेळाडूंनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने प्रशासकाला निवडून आलेल्या मंडळाकडे सूत्रे सोपवण्याचा आदेश दिला. मार्च २०२५ मध्ये भारतीय महिला तेहरानमध्ये खेळल्या आणि अंतिम सामन्यात इराणला ३२–२५ असे हरवून विजेत्या ठरल्या.

खेळाडूचे उमेदीचे दिवस थोडे असतात. कार्यालयातील वाद पाच वर्षे चालू शकतो. खेळाडूची पाच वर्षे परत येत नाहीत. खेळाच्या कारभाराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो यासाठीच.

दूर देशीचा अनुभव

असे प्रश्न केवळ भारतातच उद्भवतात असे नाही. ऑस्ट्रेलियात रग्बी हा खेळ लोकप्रिय आहे. तेथे १८७४ मध्ये सिडनी येथे रग्बीची पहिली प्रांतिक संघटना स्थापन झाली. खेळाडूला पैसे द्यायचे नाहीत, असा तिचा कडक दंडक होता. १९०७ मध्ये अ‍ॅलेक्स बर्डन हा खेळाडू सामन्यात जखमी झाला. दुखापतीमुळे त्याचा रोजगार बुडाला, पण संघटनेने भरपाई दिली नाही. कष्टकरी वर्गातील खेळाडूंमध्ये असंतोष आधीपासून होताच. या घटनेने तो उफाळून आला. त्याच वर्षी असंतुष्टांनी वेगळी संघटना काढली आणि रग्बी लीग हा नवा प्रकार तेथे रुजला. पुढे सिडनीसारख्या शहरात लोकप्रियतेत तो मूळ रग्बी युनियनच्याही पुढे गेला. रग्बी युनियनमधील निरनिराळ्या प्रांतांना सामावणारी राष्ट्रीय संघटना स्थापन व्हायला १९४९ साल उजाडले, आणि खेळाडूंना उघडपणे मानधन देण्याची मुभा १९९५ मध्ये मिळाली.

या इतिहासातून एक बोध मिळतो. खेळाडूचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय संघटनेत नसेल, तर ते म्हणणे संघटनेबाहेर मांडले जाते. ऑस्ट्रेलियात त्यातून खेळाची फाळणी झाली; भारतात कबड्डीचा वाद न्यायालयात गेला.

नवा कायदा आणि जुनी शहाणीव

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. क्रीडा संघटनांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय मंडळ, वाद सोडवण्यासाठी न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेख करणारी यादी अशी तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारी समितीत किमान चार महिला असाव्यात आणि नामवंत खेळाडूंनाही स्थान असावे, असे हा कायदा सांगतो. खेळाडूंच्या स्वतंत्र समितीचीही त्यात व्यवस्था आहे.

मात्र कायदा वरच्या पायरीवर असतो आणि खेळ खालच्या पायरीवर सुरू होतो. सभासदांची यादी अद्ययावत असणे, वार्षिक सभा वेळेवर होणे, जमाखर्च सर्वांसमोर वाचला जाणे, निवड चाचणीची तारीख आधी जाहीर होणे आणि तक्रार लेखी घेऊन तिला उत्तर देणे, या गोष्टींसाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. गावचे क्रीडा मंडळ त्या आजच करू शकते. खरे तर महिला बचत गट असो, सहकारी सोसायटी असो वा गणेशोत्सव मंडळ असो, चार माणसे एकत्र येऊन जे जे काम करतात, त्या प्रत्येकाला हेच नियम लागू पडतात.

कबड्डीत चढाई करणारा खेळाडू एका दमात प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जातो आणि दम संपण्यापूर्वी मध्यरेषेवर परत येतो. कितीही गुण मिळवले, तरी वेळेत परतला नाही तर तो बाद होतो. पंच त्याचे नाव वा मान पाहत नाहीत. मैदानावरील हा नियम कार्यालयातही पाळला गेला पाहिजे. पद हीदेखील एक चढाईच असते. ती ठरलेल्या मुदतीत पूर्ण करून, हिशेब देऊन, पुढच्या माणसासाठी जागा मोकळी करणारा पदाधिकारीच खेळाला पुढे नेतो.