लेकरांना हे कोण सांगणार?

आई-बापहो,

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. घरात वयात आलेली लेक असते. तिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? सोबत न्यावी तर कोपीवर आडोसा नाही. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मग शाळा सुटते आणि पंधराव्या वर्षी डोक्यावर अक्षता पडतात. आई-बापांना माया नसते असं नाही, त्यांना भीती असते. पण अंग पुरतं भरलं नसताना दिवस गेले की रक्त कमी पडतं, बाळंतपण अडतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांमागं सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कुटुंबनियोजनाचा विचार आपण दोन लेकरं झाल्यावर करतो. खरी सुरुवात शाळेच्या बाकावर व्हायला हवी.

शाळेत काय शिकवायचं?

'लैंगिक शिक्षण' हे नाव ऐकून दचकू नका. त्यात साध्या, पण जन्मभर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी असतात.

१. पाळी हा विटाळ नाही, रोगही नाही. शरीर मोठं होत असल्याची ती खूण आहे. स्वच्छ, उन्हात वाळवलेलं कापड किंवा पॅड वापरावं आणि शाळा बुडवू नये.

२. मुलग्यांना झोपेत वीर्य जातं, त्यानं अशक्तपणा येत नाही. या भीतीवर पोट भरणाऱ्या भोंदूंपासून पोरांना वाचवा.

३. मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. सुनेला दोष देऊ नका.

४. नकोसा स्पर्श कुणीही केला, अगदी घरच्या माणसानं केला, तरी 'नाही' म्हणायचं आणि मोठ्यांना सांगायचं. अशा गुन्ह्यांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे.

५. लग्नाचं वय मुलीचं १८, मुलाचं २१. दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याची साधनं आहेत.

पोरं बिघडणार नाहीत का?

ही शंका बहुतेकांच्या मनात येते. युनेस्कोनं २०१८ साली जगभरचे अभ्यास तपासले. अशा शिक्षणानं मुलं लवकर संबंधांकडं वळत नाहीत, उलट सावध होतात, असंच दिसलं. आपण गप्प राहिलो तर मोबाइल सांगतो, आणि तो काय सांगेल याचा नेम नाही.

हा विरोध नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. तरी १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. २००७ साली विरोध झाल्यावर महाराष्ट्रात शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवण्यात आलं. पण काम थांबलं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून हजारो मुलामुलींशी मोकळेपणी बोलून दाखवलं. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. २०२० च्या शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक सरकारी शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक गुरुजी, 'आरोग्यदूत' म्हणून तयार करायचं ठरलं.

तुम्ही काय कराल?

पालकसभेला जा. आमच्या शाळेतले आरोग्यदूत कोण, तास कधी होतो, हे गुरुजींना विचारा. शाळेतून दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी लेकरांना जेवणानंतर घ्यायला लावा. लेकीशी आईनं आणि मुलाशी बापानं पाळी किंवा मिसरूड येण्याआधीच बोलावं. बोलायला जीभ अडखळत असेल तर आशाताईंना घरी बोलवा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चला. तिथं विचारायला लाज कसली?

शेजारी बालविवाह ठरतोय असं कळलं तर ग्रामसेवकाला सांगा, नाहीतर १०९८ ला फोन लावा.

ऊस दरसाल तोडता येईल. लेकीचं शिकायचं वय मात्र एकदाच येतं.

वेळेवर सांगा, लेकरू सांभाळा!
आधी शिक्षण, मग लग्न – सुखी होईल घरदार!