भागिले, बाकी आणि बरोबर : एक मागोवा

१९५७ साली फलटणला मुधोजी महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत आयबीएम कंपनीने फोर्ट्रान ही संगणकभाषा ग्राहकांच्या हवाली केली. या दोन घटनांचा परस्परांशी तिळमात्र संबंध नसला, तरी नाईक निंबाळकरांच्या या जुन्या संस्थानी गावातील मुलांना पुढे ज्या क्रियाचिन्हांशी, म्हणजे ऑपरेटरांशी, झुंजावे लागणार होते, त्यांतील कितीतरी तेव्हाच मुक्रर झाली होती. गुणाकाराच्या फुलीची जागा तारकेने घेतली ती तेव्हाच. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये दोन समांतर रेषांना समतेचा अर्थ दिला होता. बरोबर चारशे वर्षांनी फोर्ट्रानमध्ये त्याच रेषा 'उजवीकडची किंमत डावीकडे ठेव' अशी आज्ञा करू लागल्या.

बीजगणितात वाढलेल्या विद्यार्थ्याला 'क = क + १' हे असत्य वाटणारच; परंतु दफ्तरातील कारकुनाला ते वाचून दाखवावे, जुन्या शिलकेत जमा मिळवून नवी शिलक लिहिणे त्याच्या रोजच्या कीर्दीतलेच आहे. अल्गोल या संगणकभाषेने या क्रियेला ':=' असे स्वतंत्र चिन्ह दिले, ते माझ्या मते अधिक सुज्ञपणाचे होते; सी भाषेने मात्र साधे '=' नेमणुकीला आणि '==' तुलनेला अशी वाटणी रूढ केली. बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस शिकणाऱ्या पिढीने टर्बो या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर 'if (a = 5)' लिहावे, यंत्राने फार तर एक इशारा देऊन ते मान्य करावे आणि अट सदैव खरी ठरावी, हा प्रकार तालुक्याच्या प्रयोगशाळांत नित्याचाच होता. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या मार्गाने आलेल्यांना हेच '=' एक्सेलच्या चौकटीत सूत्राच्या आरंभी भेटले, हा आणखी एक घोळ.

परंतु खरी गंमत भागाकारात आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने मेंढ्यांवर काम केलेल्या या गावात उदाहरण मेंढ्यांचेच शोभेल : १७ मेंढ्या ५ घरांत वाटायच्या. सीमध्ये १७/५ चे उत्तर ३, आणि '%' ने बाकी २. सव्वातीन-साडेतीन मेंढ्या कोणी पाळत नसल्याने हे उत्तर व्यवहाराला धरूनच आहे. पायथन या भाषेच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीने मात्र '/' ला ३.४ हे उत्तर द्यायला लावले आणि पूर्णांक भागाकारासाठी '//' पुढे केले. ऋण संख्या येताच मतभेद अधिकच उघड होतो : −१७ ला ५ ने भागता सी, १९९९ च्या मानकानुसार, −३ आणि बाकी −२ सांगते, तर पायथनचे '//' −४ देते आणि बाकी ३ उरते. दोन्ही हिशेब आपापल्या परीने बिनचूक आहेत, कारण भागाकार गुणिले ५ अधिक बाकी दोन्हीकडे −१७ च भरते. १९९९ पूर्वी तर सीमध्ये हा निर्णय ज्या त्या कंपायलरच्या मर्जीवर सोडलेला होता.

फलटणच्या वा कुठल्याही तालुक्याच्या शिक्षकाने म्हणूनच पहिल्या तासाला बेरीज-वजाबाकीत वेळ न दवडता −१७ भागिले ५ हेच उदाहरण फळ्यावर लिहावे, आणि संगणक चालू करण्यापूर्वी प्रत्येकाकडून वहीत उत्तर व बाकी दोन्ही मांडून घ्यावीत.